भुकेला विद्यार्थी आणि कॉलेजमागची परसबाग

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलायचे राहून गेले, ते येथे जोडले आहे.)

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.



मला ‘विद्यार्थ्यांचे आरोग्य’ हा विषय देण्यात आला आहे. दात कसे घासावेत, नखे केव्हा कापावीत, ह्यावर दहा मिनिटे सहज बोलता येईल आणि आपण सारे माना डोलवून चहाला जाल. परंतु आज मला एका वेगळ्याच दुखण्याविषयी बोलायचे आहे. हे दुखणे ज्याला असते तो ते लपवतो, आणि ते ज्यांना दिसायला हवे त्या आपल्यासारख्या शिक्षकांना व पालकांना ते दिसत नाही. दुसऱ्याचे उदाहरण देण्यापूर्वी स्वतःचे सांगतो.

२००८ साली मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. घरापासून दूर, शहरात एका मित्राबरोबर भाड्याच्या खोलीत राहत असे. अब्बांचे शिलाईचे दुकान. लग्नसराईत पैसा येई आणि पावसाळ्यात मशीन झाकून ठेवावी लागे. त्या वर्षी पावसाळा लांबला आणि माझे मेसचे पैसे थकले. मेसवाल्याने दोन महिने वाट पाहिली व नंतर माझे नाव वहीतून काढले. त्यात त्याची काही चूक होती असे मला आजही वाटत नाही. दुपारी मित्र म्हणत, “चल, जेवायला.” मी म्हणे, “आज माझा रोजा आहे.”

रमजान नव्हता. पण सोमवारचे आणि गुरुवारचे नफील रोजे पुष्कळ लोक ठेवतात, हे आपणांस ठाऊक आहे. माझे सोमवार-गुरुवार मात्र आठवड्यातून चार-चार वेळा येऊ लागले. इबादतीचे नाव घेऊन आपण खोटे बोलतो आहोत, ह्याची बोच भुकेपेक्षा अधिक होती. माझा खोलीतला जोडीदार साकोलीकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. एके दिवशी त्याने सहज विचारले, “रोज्याला पहाटे उठून खातात ना? तुझा दिवा तर पहाटे कधी लागत नाही.” मी गप्प राहिलो. त्या संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या सुमारास तो मेसमधून डबा बांधून घेऊन आला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “रोजा सोड.” पुढे दोन महिने तो दर संध्याकाळी हेच दोन शब्द म्हणत असे. माझे खोटे त्याने कधी उघडे पाडले नाही. माझी अम्मी आज समोर बसली आहे. तिलाही हे प्रथमच कळत असेल.

पालकहो, हे जुने रडगाणे मी एवढ्यासाठी गायिले की, आपल्या समाजात शिक्षणाची गोष्ट निघाली की फी, पुस्तके, गणवेश, शिष्यवृत्ती ह्यांची चर्चा होते. मूल कॉलेजात गेल्यावर दुपारी काय खाते, हे कोणी विचारत नाही. शाळेत असेतोवर ही काळजी सरकारने थोडीफार वाहिलेली असते. शालेय पोषण आहाराची योजना १९९५ साली देशभर सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, मुलांना कोरडे धान्य न देता शिजवलेले अन्न द्यावे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी, असे प्रमाण ठरलेले आहे. आठवी संपली की ताट संपले. म्हणजे ज्या वयात मुलाचे हाड वाढते आणि मुलीच्या अंगातले रक्त महिन्याच्या महिन्याला जाते, नेमक्या त्या वयात ही सोय थांबते. पुढे कॉलेज, वसतिगृह, भाड्याची खोली, ज्याचे त्याने पाहावे.

आता तुम्ही म्हणाल, भंडारा जिल्हा तर धानाचा जिल्हा! येथे उपाशी कोण राहतो? प्रश्न रास्त आहे. वैनगंगेच्या काठचा हा मुलूख, जुने मालगुजारी तलाव, गावोगाव बोड्या, बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर. अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य दरमहा मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पवनी, लाखांदूर, तुमसर, मोहाडीकडची मुले भंडाऱ्याला शिकायला येतात तेव्हा शनिवारी गावी जाऊन सोमवारी एस.टी.ने तांदळाची पिशवी आणतात. तांदूळ आहे, भाताबरोबर खायला काही नाही. भात आणि तिखट-मीठ, भात आणि लोणचे, फार तर पातळ वरण. आपल्या जिल्ह्यातली भूक अशी आहे. ती पोट भरल्यासारखी दिसते, म्हणून फसवते. मुलगी दोन वेळा भात खाते आणि तिसऱ्या तासाला तिला चक्कर येते. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात ५७ जणींचे रक्त कमी आढळले. वर्गात शंभर मुली बसल्या आहेत अशी कल्पना करा आणि मोजा.

ही भूक मोडायला एका मुलीने काय केले, ते आता सांगतो. ती आपल्याच शाळेची विद्यार्थिनी. आज ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे आणि तिच्या कॉलेजचे नाव मी घेत नाही, कारण तिनेच तसे बजावले आहे. वडील आठवडी बाजारात बांगड्यांचे दुकान लावतात. ती शहरात खालाकडे राहते, त्यामुळे तिच्या स्वतःच्या जेवणाची आबाळ नव्हती. पण तिच्या बाकावरची मैत्रीण वसतिगृहात राहत होती आणि डब्यात रोज पांढरा भात आणत होती. डबा उघडताना झाकण आडवे धरत होती. एवढे पाहून ही मुलगी एके दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, कॉलेजच्या मागे दोन गुंठे जागा पडीक आहे. तिथे भाजी लावली तर?”

मी शिक्षक; मला अडचणीच आधी दिसल्या. मी म्हटले, परवानगी मिळणार नाही. परवानगी मिळाली. मी म्हटले, ती जमीन बर्डी आहे, नुसता मुरूम. त्यात काही येणार नाही. हे मात्र खरे ठरले. पहिल्या पावसाळ्यात तिने आणि तिच्या चार मैत्रिणींनी भेंडी, बरबटी आणि पालक लावला. पालक सडला, भेंडी वीतभर वाढून पिवळी पडली, आणि जी बरबटी बरी आली होती ती एका दुपारी बकऱ्यांनी संपवली. मुले हसली. कोणीतरी त्या जागेला ‘बकऱ्यांची मेस’ असे नाव दिले. ते नाव अजून चालते, आणि आता त्या मुलीच ते अभिमानाने सांगतात.

दुसऱ्या वेळी ती शहाणी झाली. आधी बाभळीच्या फांट्यांचे कुंपण केले. मग खताचा विचार केला. आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यातील पुसदला, नारायण देवताव पांढरीपांडे नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ हे नाव पडले. विटांमध्ये भोके ठेवून एक टाके बांधायचे, त्यात काडीकचरा, माती आणि थोडे शेण ह्यांचे थर द्यायचे, वरून लिंपून टाकायचे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. फार शेण लागत नाही, हा त्यातला मोठा गुण. मुलींनी पडक्या भिंतीच्या विटा वापरल्या. कॉलेजच्या आवारातला पालापाचोळा पूर्वी जाळत असत, तो टाक्यात गेला; वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली साले आणि देठ गेले. दिवाळीनंतर त्या खतावर तिने वाफे केले आणि पालक, मेथी, मुळा, सांबार, वांगी, टमाटर लावले. मेथी आणि पालक महिन्याभरात कापणीला येतात, आणि पालक तर कापला की पुन्हा फुटतो. ज्याला लवकर धीर सुटतो अशा विद्यार्थ्यासाठी ह्या दोन भाज्या उत्तम आहेत, हे मी अनुभवाने सांगतो.

भाजी आली. खरी गोष्ट येथून पुढे आहे.

पहिल्या कापणीची भाजी तिने जुड्या बांधून कॉलेजच्या व्हरांड्यात टेबलावर ठेवली आणि वर पाटी लावली: ‘गरजू विद्यार्थ्यांसाठी मोफत’. संध्याकाळी जाऊन पाहते तो एकही जुडी हललेली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पालक पिवळा पडला आणि तो त्याच बकऱ्यांना घालावा लागला. वसतिगृहातली ती मैत्रीण टेबलावरून दोनदा गेली, पण तिने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. माझी विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन मला विचारू लागली, “सर, ह्यांना भूक नाही काय?” मी तिला माझ्या रोज्यांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पाटीच काढून टाकते.”

पाटी गेली आणि तिच्या जागी एक वही आली. जो बागेत आठवड्याला दोन तास काम करील, त्याची वहीत नोंद आणि त्याचा भाजीत वाटा. गरीब असो की पैसेवाला, नियम एकच. ज्यांना काम करायचे नाही, अशा प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी भाजी बाजारभावाने विकत घ्यावी. त्या पैशातून बी आणावे आणि डाळ आणावी. पंधरा दिवसांत वहीत बावीस नावे झाली. त्यात ठेकेदाराचा मुलगा होता आणि वसतिगृहातली ती मैत्रीणही होती. आता कोणाला कळणार की कोण भुकेपोटी खुरपे धरतो आणि कोण हौसेने? मैत्रिणीला वाफ्यांची चांगली समज होती. तिच्या घरी भाजीचीच शेती! महिन्याभरात बाकीच्या मुली तिला विचारून पाणी देऊ लागल्या.

माझ्या विद्यार्थिनीला हे आपोआप सुचले. परंतु अशाच अडचणीतून आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी एक मोठा मार्ग निघालेला आहे, तो आपल्या मुलांना माहीत असावा. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले ह्या गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. त्या काळी निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत बसवणे हेच मोठे धाडस होते. त्यातून त्यांना खायला काय घालायचे, हा रोजचा प्रश्न. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी ह्या मुलांच्या पोटासाठी आपले दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. १९३० साली त्या वारल्या. आपल्या घरातल्या स्त्रियांनी हे नाव विसरू नये. पण एका माउलीच्या दागिन्यांवर किती दिवस चालणार? म्हणून भाऊरावांनी मुलांच्या हातात कुदळ दिली. मुले शेतात राबत, भाजी पिकवत, स्वयंपाक करत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना ती हीच. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही ह्याच पायावर. वसतिगृहात असे राबून शिकलेल्या मुलांपैकी बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

पहिल्या वर्षी आमच्या पालक सभेत एक गृहस्थ रागाने उठून उभे राहिले होते. ते म्हणाले, “आमच्या बापजाद्यांनी माती उकरली, आम्ही हातगाडी ढकलली, म्हणून मुलीला कॉलेजात घातले. आणि तुम्ही तिच्या हातात पुन्हा खुरपे देता?” मी त्यांना हसलो नाही, आजही हसत नाही. ज्याने मातीत उन्हाळे काढले त्याला मातीचे कौतुक ऐकवणे हा चावटपणा आहे. पण हाच राग अमेरिकेतही एकदा उठला होता. तेथे १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन ह्या गुलामीत जन्मलेल्या शिक्षकाने टस्कगी येथे निग्रो मुलांसाठी शाळा काढली. शाळेसाठी एक जुना मळा घेतला आणि खायला हवे म्हणून तेथे शेती करायचे ठरवले. विद्यार्थ्यांना रान तोडायला सांगितले तेव्हा ते नाराज झाले. त्यांच्यातले कित्येक जण स्वतः शिक्षक होते. शिकून पुन्हा रानच तोडायचे काय, असे त्यांना वाटले. वॉशिंग्टन काही बोलले नाहीत. रोज वर्ग सुटला की स्वतः कुऱ्हाड घेऊन रानात जाऊ लागले. मग विद्यार्थी हळूहळू मागे आले. हे वाचून मीही खुरपे घेतले. माझ्या पाठीचे काय झाले ते माझी पत्नी जाणते. पण त्या पालकांची मुलगी आज वही सांभाळते.

आणि अमेरिकेचे म्हणाल तर, एवढा श्रीमंत देश, तरी तेथल्या विद्यापीठांतसुद्धा उपाशी राहून शिकणारी मुले आहेत. मिशिगन स्टेट विद्यापीठात १९९३ साली विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी अन्नपेढी सुरू केली, तिचे अनुकरण पुढे पुष्कळ ठिकाणी झाले. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ येथील विद्यापीठात १९६७ साली विद्यार्थ्यांची बाग निघाली, ती पुढे शेतीचे शिक्षण देणारे केंद्र झाली. मुलांची भूक ही केवळ आपल्या गरीब जिल्ह्याची गोष्ट आहे, असे समजून लाजण्याचे कारण नाही.

परंतु ह्या विषयात मला सर्वांत जवळचे वाटते ते सेवाग्राम. येथून फार दूर नाही. एका दिवसात जाऊन येता येते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताने उत्पादक काम करत शिकायचे, ह्या विचारावर अभ्यासक्रम बनवण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन. हेच झाकिर हुसेन १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. राष्ट्रपती म्हणून त्यांचे चित्र आपल्या घरात, शाळेत असते; पण आपल्या विदर्भातल्या वर्ध्याच्या परिषदेतून त्यांनी शिक्षणाचा हा आराखडा हाती घेतला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? पुढे सेवाग्रामला आर्यनायकम् पती-पत्नींनी नई तालीमची शाळा चालवली. तेथे मुले सूत कातत, भाजीपाला पिकवत, स्वयंपाकाचा हिशेब ठेवत आणि त्याच हिशेबातून गणित शिकत. ती शाळा पुढे बंद पडली, पण २००५ सालापासून तेथे आनंद निकेतन ही शाळा पुन्हा चालू आहे आणि तिची मुले आजही वाफे करतात.

झाकिर हुसेन समितीचा अहवाल मला एवढ्यासाठी महत्त्वाचा वाटतो की, त्यात एक सावधगिरीचा इशाराही आहे. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, हा आग्रह फार धरला तर शिक्षण बाजूला राहील आणि शिक्षक मुलांकडून काम उरकून घेणारा मुकादम बनेल, ही भीती समितीने त्या वेळीच बोलून दाखवली होती. हा धोका आमच्या बागेतही आहे. मागच्या हिवाळ्यात भाजी चांगली आली तेव्हा एकदोघांनी सुचवले की, दोनाचे चार तास करा, भाजी बाजारात विका, इमारत निधीला पैसे द्या. माझ्या विद्यार्थिनीने नाही म्हटले. परीक्षेच्या महिन्यात तर ती वहीच बंद ठेवते; तेवढे दिवस प्राध्यापक मंडळी पाणी देतात. आमच्या काही बंधूंना हे शिष्टाचाराविरुद्ध वाटते. असो.

आता थोडा रोखठोक हिशेब. बागेने भूक मिटते काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जो आहार सांगितला, त्यात एका माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी हवी असे म्हटले आहे. वसतिगृहात साठ मुली. म्हणजे रोज २४ किलो. आमच्या दोन गुंठ्यांतून भर हिवाळ्यात दिवसाआड चार-पाच किलो भाजी निघते. पावसाळ्यात त्याहून कमी. उन्हाळ्यात कॉलेज बंद, विहीर आटलेली, आणि बाग वाळते. तेव्हा बागेवर जगता येईल असे जर कोणी तुम्हाला सांगितले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. धान्य रेशनचेच लागेल, डाळ विकतच आणावी लागेल, शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी म्हणून अर्ज-विनंत्या कराव्याच लागतील, आणि आठवीनंतरच्या मुलांच्या ताटाचे काय, हे सरकारला विचारत राहावेच लागेल. बाग आहे म्हणून हे विचारणे थांबले, तर बागेने नुकसानच केले असे मी म्हणेन.

मग बागेने काय झाले? बावीस मुलामुलींच्या पांढऱ्या भाताशेजारी आठवड्यातून तीन-चार दिवस काहीतरी हिरवे आले. भाजी विकून आलेल्या पैशांत महिन्याला थोडी तूरडाळ आली. उन्हाळ्यावर उपाय म्हणून मुलींनी कुंपणाच्या कडेने शेवगा, पपई, लिंबू आणि कढीलिंब लावला. ही झाडे एकदा धरली की फारसे पाणी मागत नाहीत. शेवग्याचा पाला आपल्याकडे लोक शेळीला घालतात; त्याची भाजी किती गुणाची आहे हे त्यांना माहीत नसते. पालेभाजीवर लिंबू पिळले तर तिच्यातले लोह अंगी लागायला मदत होते, हेही मुलींना येथे कळले. मात्र एखाद्या मुलीचे रक्त खरोखरच कमी असेल, तर भाजीवर न विसंबता सरकारी दवाखान्यात तपासणी करावी आणि गोळ्या घ्याव्यात. पालकांनी ह्यात लाज धरू नये.

आणखी एक झाले, ते वजनकाट्यावर मोजता येत नाही. त्या वसतिगृहातल्या मुलीने मागच्या महिन्यात मला कोणी न विचारता सांगितले की, पहिल्या वर्षी ती कॉलेज सोडणार होती. घरी निरोपही गेला होता.

शेवटी आपल्या शाळेबद्दल. शाळेच्या मागे, जुन्या शेडच्या पलीकडे, दोन-अडीच गुंठे जागा रिकामी आहे. शाळांतून परसबागा कराव्यात, त्यातली भाजी पोषण आहारात वापरावी, असे केंद्र सरकारने २०१९ साली कळवलेले आहे, म्हणजे कागदोपत्री अडचण नाही. पाण्याची अडचण मात्र आहे. ह्यावर मुलांनीच एक उपाय काढला: जोहरच्या नमाजापूर्वी मुले वुजू करतात, ते पाणी आज नालीत जाते. तोटीखाली एक पन्हाळ लावली तर ते थेट वाफ्यात जाईल. त्यात साबण नसतो, भाजीला ते चालते. पन्हाळीचा पत्रा देण्याचे एका पालकाने कबूल केले आहे. आठवीपर्यंतच्या मुलांची भाजी पोषण आहाराच्या पातेल्यात जाईल. नववीपासून पुढच्या मुलांना वही लागू राहील. पाटी लावायची नाही, हे मी आताच सांगून ठेवतो.

बियाण्यासाठी दुकानात जाण्याआधी घरातल्या दादी-नानींना विचारावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांना शाळा मिळाली नाही, पण त्यांनी गावठी भाज्यांचे बियाणे जपले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या घरांतही राखेत घोळवून ठेवलेले वालाचे, कोहळ्याचे, दोडक्याचे, अंबाडीचे बी असते. ते मूठभर पाठवावे. रविवारी सकाळी आठ वाजता माझी विद्यार्थिनी स्वतः येऊन वाफे आखून देणार आहे. तिच्याबरोबर तिची ती मैत्रीणही येईल. खुरपी शाळेत चारच आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावीत आणि दांड्यावर आपले नाव लिहावे. बियाण्याच्या पुड्यांवरही भाजीचे नाव लिहून पाठवावे ही विनंती. मागच्या वेळी कॉलेजच्या बागेत कोणीतरी दिलेले बी मुलींनी दोडके म्हणून लावले, आणि दीड महिन्याने वेलाला कारली लागली.